बिनसाखरेचं घर

आमच्या सरांकडे चहाला गेलेला माणूस दुसऱ्यांदा चहाला जात नसे. पहिल्या घोटालाच त्याचा चेहरा बदलायचा, तो इकडेतिकडे साखरेचं भांडं शोधायचा, आणि सर नेमकी त्याच क्षणाची वाट बघत असायचे. "साखर या घरात येत नाही," ते समाधानाने सांगत, जणू साखर म्हणजे भांडण झालेला एखादा चुलतभाऊ. मग पाहुण्याच्या रक्तात साखर वाढली तर त्याच्या डोक्यात काय काय होईल, याचं वर्णन सुरू व्हायचं. चहा निवायचा. वर्णन निवायचं नाही.

सर झाशीत डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवत. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझं मराठी ऐकायला पक्कं आणि बोलायला कच्चं. आईने मराठीत रागवावं आणि मी हिंदीत उत्तर द्यावं, अशी आमच्या घरची वहिवाट होती. सरांचं मराठी मात्र त्यांच्या भिक्षुक पूर्वजांबरोबर पेशव्यांच्या काळात इकडे आलं ते परत गेलंच नाही. कपाटाला ते फडताळ म्हणत, आणि त्याच दमात 'अगं रुक जरा, फडताळ उघडं आहे' असंही म्हणत. माझ्याशी मराठीतच बोलायचं हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. परिणाम असा झाला, की बाकीच्यांना आठवड्यातून एकदा ऐकावं लागे ते मला रोज ऐकावं लागे, आणि तेही मातृभाषेत.

काय ऐकावं लागे ते सांगते. मेंदू म्हटलं की आपल्याला विचार करणाऱ्या पेशी आठवतात, चेतापेशी. पण मेंदूत त्यांच्या बरोबरीने दुसऱ्याही पेशी असतात, त्यांना आधार देणाऱ्या. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं नावच मुळी गोंद या अर्थाच्या शब्दावरून ठेवलं. सरांना हा स्वतःच्या घरातल्या कुणाचा तरी अपमान वाटे. "ज्याने हे नाव ठेवलं ना, त्याला आपल्या घरी स्वयंपाक कोण करतं ते माहीत नसणार," असं ते म्हणत. या आधारपेशींतली एक जात ताऱ्यासारखी, चहूकडे हात पसरलेली. एक हात रक्तवाहिनीवर, दुसरा चेतापेशीपाशी. रक्तातून साखर उचलायची, चेतापेशीला चालेल अशी करून तिच्या पुढ्यात ठेवायची, तिचं उष्टंखरकटं काढायचं, आणि शेजारणीचा हात धरून इकडची गोष्ट तिकडे पोचवायची. सर त्यांना 'घरातल्या बाया' म्हणत.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की मार या बायांना बसतो, असं सरांचं सांगणं. आधी त्या फुगतात, जाडजूड होतात, दुप्पट कामाला लागतात. मग हळूहळू हात आखडायला लागतात. उष्टं तसंच पडून राहतं. झाडलोट करणाऱ्या ज्या दुसऱ्या बारक्या पेशी असतात, त्या चिडखोर होतात आणि घरच्याच माणसांवर धावून जातात. "आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे?" इथे सर आवाज खाली आणत. "दोघींच्या मधली दारं लागायला लागतात. एकमेकींशी बोलायच्या थांबतात त्या. चेतापेशी वरून ठीकठाक दिसते, म्हणून सगळे तिच्याकडेच बघत बसतात."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भारावून गेले. दिवाळीपर्यंत मला ते पाठ झालं.

विभागाच्या मागे उंदीरघर होतं. तिथे सरांचे पांढरे उंदीर असत, काही धडधाकट, काहींना औषध टोचून मधुमेह लावलेला. प्रत्येकाला त्यांनी कुठला ना कुठला हुद्दा दिला होता: जुने प्रिन्सिपल, नवे प्रिन्सिपल, परीक्षा नियंत्रक, वसतिगृहाचे वॉर्डन. एका सकाळी ते दारातूनच बाबूला म्हणाले, "बड़े प्रिंसिपल साहब नहीं रहे." बाबू नवा होता आणि हळव्या मनाचा होता. त्याने टाइपरायटरवर शोकसंदेश चढवला, शिपायाला घंटा द्यायला पिटाळलं, मुलं वर्गातून बाहेर पडू लागली. निवृत्त झालेले जुने प्रिन्सिपल त्या दिवशी नेमके कुणाला तरी भेटायला आले होते. आवारात उभं राहून त्यांनी घंटा कशाची म्हणून विचारलं, आणि त्यांना पाहून बाबूने खुर्ची धरली. सर तोवर आत मान खाली घालून मेंदूचे पातळ काप करत होते. "बिचारे पाणी फार प्यायचे," एवढंच म्हणाले.

सकाळी ते लष्करी छावणीत फिरायला जात. रुंद सावलीचे रस्ते, दोन्ही बाजूंना बंगले, कुणाचा आवाज नाही. सरांना वाटे की हे रस्ते व्याख्यानासाठीच बांधलेत. फिरायला आलेल्या एखाद्या निवृत्त कर्नलला गाठून ते त्याच्या चालीशी चाल जुळवत आणि 'आपको मीठा पसंद है?' असं सहज विचारत. ज्याने 'हाँ' म्हटलं त्याची सकाळ गेली. एका कर्नलांनी रस्ता बदलून बघितला, मग वेळ बदलून बघितली, शेवटी त्यांनी कुत्रा पाळला. कुत्र्याला सर भीत.

संक्रांतीला ते विभागात भाजलेले तीळ वाटत. नुसते तीळ, कागदाच्या पुडीत. त्याबरोबर जे म्हणायचं असतं तेही अर्धंच म्हणत. कुणी टोकलं तर म्हणत, की गोड बोलण्याचा आणि गोड खाण्याचा काही संबंध असल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि त्यांच्या अनुभवाने तर उलटच आहे.

हे सगळं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण त्यांच्या एका पुतणीच्या लग्नात त्यांनी कडक जिलेबीच्या कढईशेजारी खुर्ची मांडली. जिलेबीचा कारागीर म्हणजे त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला हलवाई. लक्ष्मी गेटच्या आत त्या वळणावर सगळ्यांच्या सकाळी त्याच्या कढईवर सुरू व्हायच्या. सर रांगेतल्या माणसांना थांबवून 'घरातल्या बायां'ची कहाणी सांगत होते, आणि माणसं ताट पुढे करावं की मागे घ्यावं या विवंचनेत उभी होती. वधूपित्याने हात जोडून सरांना मंडपात बसायची विनंती केली. तेवढ्यात हलवाई झारा हातात धरून शांतपणे म्हणाला, "हमाई जलेबी खा कें आज लौं कोऊ पागल नईं भओ, डॉक्टर साब."

"अभी नहीं हुआ," सर म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सर दुकानासमोरून जाताना मान उलट्या बाजूला वळवत. हलवाई त्यांना पाहिलं की कढईत जरा जास्तच पीठ सोडी. गल्लीला दोघांचीही सवय होऊन गेली.

या सगळ्या व्याख्यानांतून झाशीतलं एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे सरांची मोठी बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. आई लवकर गेली तेव्हा आक्कांनीच सरांना वाढवलं. पुढे आक्कांचं लग्न झालं, थोड्याच वर्षांत वैधव्य आलं, आणि त्या भावाकडे परत आल्या. सर अविवाहित. घरात दोघंच. आणि आक्कांना तरुण वयातच मधुमेह जडलेला. गोळ्यांनी भागेना म्हणून सर स्वतः रोज त्यांना इन्शुलिन टोचत. त्यांच्या हाताला कंप नव्हता; आक्का म्हणत, टोचल्याचं कळतसुद्धा नाही.

पण आक्कांसमोर मेंदूचा विषय कधी निघत नसे. सर रंगात येऊन सांगत असले आणि आक्का फुलपात्रं घेऊन आत आल्या, की ते वाक्य तिथेच सोडून नळाला पाणी किती वाजता आलं ते विचारत. मला वाटे, ही त्या घरची रीत असेल. बायकांसमोर उंदरांचं बोलायचं नसेल.

मे महिन्यातली एक रविवारची दुपार. झाशीच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. लूचा भाजणारा वारा सुटलेला, दुकानांची दारं अर्धी लोटलेली, माणसं ओले पडदे लावून आत पडलेली. मला सरांनी काही नवे काप दाखवायला घरी बोलावलं होतं आणि जेवायलाच ये म्हणून सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा सर आक्कांना इंजेक्शन देऊन सिरिंज उकळायला ठेवत होते. आक्कांनी पानं मांडायला घेतली होती.

"अगं रुक, जेवण कुठे पळतंय," सर म्हणाले, "ही एक स्लाइड बघ आधी."

सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवलेला. सोन्याच्या क्षाराने रंगवलेला तो काप खरोखर सुंदर होता. जांभळट काळ्या चांदण्या, एकीचे हात दुसरीच्या हातापर्यंत पोचलेले. मग त्यांनी बराच काळ मधुमेहात काढलेल्या उंदराचा काप लावला. इथे चांदण्या विरळ होत्या, हात तोकडे. मग तिसरा, मधल्या अवस्थेतला. मग पहिला पुन्हा, तुलनेसाठी. आक्का एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या, 'वाढू का' म्हणाल्या. सर 'आलोच' म्हणाले. त्या परत गेल्या. पाहुणी घरात असताना आणि भाऊ जेवला नसताना आपण आधी दोन घास खावेत, हे आक्कांच्या कल्पनेतही येणं शक्य नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. आम्ही आत गेलो तर आक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, आणि हातातल्या पळीकडे ही काय वस्तू आहे अशा नजरेने बघत होत्या. सरांना त्यांनी त्यांच्या लहानपणच्या नावाने हाक मारली आणि शाळेला उशीर होईल म्हणून रागावल्या. शब्द एकमेकांत अडकत होते. मी हात धरायला गेले तर मला त्यांनी झटकलं.

सर दोन पावलं मागे सरकले, आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा वर्गात असतो तसा झाला. "बघ," ते मला म्हणाले, "बोलणं तुटतंय. साखर चढली आहे. आधारपेशी हात आखडून घेतायत, म्हणून हा गोंधळ. चिडचीड बघितलीस? अगदी हेच मी म्हणतो." जेवण थांबवू या, पाणी पाजू या, लघवी तपासू या, असं त्यांचं एकापाठोपाठ चाललं होतं. आवाज स्थिर होता. फक्त ते नळाकडे गेले आणि रिकामं फुलपात्र घेऊन परत आले.

आक्कांचं लुगडं पाठीवर चिंब झालं होतं. त्या दिवशी झाशीत चिंब नसलेलं कुणीच नव्हतं, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. पण मनगट धरलं तर ते गार होतं, आणि बोटं थरथरत होती.

"सर, त्या जेवल्या आहेत का?"

"नाही. आपण कुठे जेवलो अजून."

"आणि इंजेक्शन?"

सरांनी दाराकडे मान वळवली. आतल्या खोलीत सिरिंजचं भांडं उकळून आटलं होतं, त्याचा करपट वास तेव्हा मला आला. इंजेक्शन पोटात आणि अन्न पातेल्यात. साखर चढली नव्हती, उतरली होती, आणि उतरतच होती. चढलेल्या साखरेविषयी जन्मभर बोललेला माणूस आणि मी, असे दोन डॉक्टर तिथे उभे होतो, आणि दोघांचाही व्यवसाय मेलेल्या माणसांशी. घरात ग्लुकोजची बाटली नव्हती. मी पोळीचा घास करून आक्कांच्या तोंडाशी नेला, त्यांनी तो थुंकला.

"साखर कुठे आहे?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

सरांनी तरीही फडताळ उघडलं. आतले डबे एकेक करून खाली काढले, झाकणं उघडून बघितली. मीठ, तांदूळ, डाळ, भाजलेले तीळ. गूळ नव्हता. मध नव्हता. केळं गेल्या कित्येक वर्षांत त्या घरात आलं नव्हतं. स्वतःच मनाई करून ठेवलेली वस्तू कुणीतरी चोरून आणून ठेवली असेल, या आशेने ते डबे उघडत होते. मग त्यांनी हातातलं झाकण तसंच खाली टाकलं आणि ते धावत सुटले. चपला दारातच राहिल्या.

मी आक्कांना मांडीवर टेकवून बसले. त्या आता भांडत नव्हत्या, डोळे अर्धे मिटले होते. त्या न भांडण्याची मला जास्त भीती वाटली. मी त्यांच्याशी बोलत राहिले, आधी मराठीत, मग मराठी संपल्यावर हिंदीत.

पुढचं मला नंतर हलवायाच्या सुनेने सांगितलं. दुकानाचं दार दणादणा वाजलं तेव्हा तिचा सासरा आत लाकडी दिवाणावर झोपला होता. दार उघडलं तर बाहेर अनवाणी, बोडक्या डोक्याने डॉक्टरसाहेब. भांडायलाच आले असं त्याला वाटलं आणि तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. सरांना वाक्य जुळवता येईना. त्यांनी फक्त 'शक्कर' म्हटलं, आणि मग 'जिज्जी' म्हटलं. बहिणीला म्हणायचा तो शब्द हलवायाला कळला. त्याने पुढे काही विचारलं नाही. सकाळच्या जिलेबीचा उरलेला पाक कढईच्या तळाशी होता. तो लोट्यात ओतून त्याने लोटा स्वतःच हातात घेतला, कारण सरांच्या हातून तो घरापर्यंत भरलेला गेला नसता.

दोघं धापा टाकत आत आले. सरांनी चमचा घेतला, पण पाक आक्कांच्या हनुवटीवरच सांडू लागला. हलवायाने चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "जिज्जी, मों खोलो." आक्कांनी तोंड उघडलं. थोडं थोडं, गिळल्याची खात्री करून, मग पुढचा चमचा. सर भिंतीला टेकून उभे होते आणि जिलेबीचा पाक आपल्या बहिणीच्या तोंडात जाताना बघत होते, आणि प्रत्येक चमच्याला त्यांचे ओठ आपोआप उघडत होते.

थोड्या वेळाने आक्कांच्या कपाळावरचा घाम सुकायला लागला. त्यांनी डोळे नीट उघडले, माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग हलवायाकडे पाहून घाईने पदर सावरला.

"पानं वाढू का?" त्या म्हणाल्या. आणि हलवायाला, "भैया, आप भी बैठिए."

त्या दिवशी आम्ही चौघं जेवलो. आक्कांना आम्ही उठू दिलं नाही, मी वाढलं. बिनगुळाची आमटी, बिनसाखरेची कोशिंबीर. हलवायाने ते सगळं मुकाट्याने संपवलं. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. जाताना तो लोटा तिथेच ठेवून गेला, तळाशी पाक होता म्हणून.

आक्का झोपल्यावर सर ओसरीवर येऊन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, की आधारपेशींबद्दल एक गोष्ट त्यांनी कधी सांगितलीच नाही. मेंदूत साखरेचा साठा असा नसतोच जवळपास. जो थोडासा असतो तो चेतापेशींकडे नसतो, या बायांकडे असतो. बाहेरून यायची बंद झाली की त्या तोच फोडून चेतापेशीला देतात. फार वेळ पुरत नाही. "मी दार वाजवत होतो ना, तेवढा वेळ पुरला," ते म्हणाले. "घरात साखर नव्हती, पण तिच्या त्या पेशींकडे होती. इतकी वर्षं मी त्यांना मार कसा बसतो ते मोजत बसलो."

मी म्हटलं, आक्कांना हे सगळं समजावून सांगायला हवं. इंजेक्शननंतर जेवण का थांबवायचं नाही, तेही सांगायला हवं. सर चटकन माझ्याकडे वळले.

"जेवणाचं सांग. हवं तितकं रागावून सांग. बाकीचं सांगू नकोस."

"का?"

"ते सगळं तिच्या डोक्यात चाललंय. तिला कशाला कळायला हवं?"

तेव्हा मला समजलं की ही घरची रीत नव्हती. सगळ्या गावाला पकडून पकडून जे त्यांनी सांगितलं, ते जिच्याबद्दल होतं तिच्यापासूनच त्यांनी जपून ठेवलं होतं.

त्यानंतर सर सुधारले असं वाटेल, पण तसं काही झालं नाही. त्यांचा वेडेपणा फक्त दुसऱ्या बाजूने सुरू झाला. घरात साखर आली, आणि ती प्रत्येक खोलीत आली: देवघरात एक डबी, उशीशी एक, न्हाणीघराच्या कोनाड्यातही एक. स्वतःच्या कोटाच्या दोन्ही खिशांत ते साखरेच्या पुड्या ठेवू लागले. झाशीच्या मुंग्यांना ही बातमी लवकरच कळली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक परीक्षक सरांशेजारी बसले आणि अर्ध्या तासात मांडी खाजवत उठून गेले. चहा मात्र बिनसाखरेचाच राहिला. 'ती औषध आहे, चैन नव्हे,' असं पाहुण्यांना सांगण्यात येई.

हलवायाशी बोलणं सुरू झालं. संध्याकाळी सर त्याच्या दुकानाच्या बाकावर बसत, कढईकडे पाठ करून. जिलेबी त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली नाही, आणि हलवायाने कधी आग्रह केला नाही. गिऱ्हाइकांना मात्र सर काही सांगत नसत. ती दोघांतली अट होती की नुसतं सौजन्य, मला ठाऊक नाही.

सर निवृत्त झाले आणि त्या सुमारास आक्कांचं विसरणं वाढू लागलं. आधी वस्तूंची नावं, मग वार, मग माणसं. तो दुपारचा प्रसंग त्याला कारण होता असं मी म्हणणार नाही. मागची सगळी चढउताराची वर्षं तिथे जमा झाली होती. सरांना काय होतंय ते आमच्या सगळ्यांहून जास्त कळत होतं, आणि त्याचा कवडीचा उपयोग नव्हता. विद्यार्थ्याने एक प्रश्न दोनदा विचारला तर खडू फेकून मारणारा हा माणूस. आक्का त्यांना दिवसभर विचारत, आज वार कोणता, आणि ते दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगत. मध्येच आक्का बिथरत, भांडी आपटत. मग ते शेजारी बसून त्यांचा हात हातात धरत. एकदा मी गेले तेव्हा ते असेच बसले होते. मला पाहून म्हणाले, "दारं लागतायत." मी मान हलवली.

सरांची स्वतःची साखर शेवटपर्यंत उत्तम होती. गेले ते एका थंडीत, न्यूमोनियाने, थोड्या दिवसांत. जाण्यापूर्वीच्या महिन्यांत त्यांनी हलवायाच्या सुनेला इन्शुलिन टोचायला शिकवलं होतं, टोचल्यावर आधी आक्कांना जेवताना बघायचं आणि मग दुसरं काही, अशा क्रमाने. आता साखरेच्या आजाराचं औषध आक्कांना रोज मिठाईच्या दुकानातून येत होतं. सरांच्या हे लक्षात आणून दिलं असतं तर त्यांनी त्याचंही एक व्याख्यान केलं असतं.

दिवसकार्य झाल्यावर मी आक्कांना भेटायला गेले. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं आणि आक्का परातीत मटार सोलत बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचं मन बरंच निवळलेलं होतं. मला त्यांनी ओळखलं, नावाने नाही, पण 'त्याच्याकडे यायचीस ती' म्हणून. भाऊ गेला हेही त्यांना ठाऊक होतं. मी शेजारी बसून मटार सोलू लागले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तो जन्मभर त्या नळीतून काय बघायचा गं? मला कधी नीट कळलं नाही. मी आत गेले की पाण्याचं काहीतरी विचारायचा."

सरांनी नको म्हटलं होतं. पण विचारत होत्या त्या आक्का होत्या, आणि उत्तर त्यांचं होतं. मी माझ्या मोडक्या मराठीत सांगितलं, अडले तिथे हिंदीत. रक्तातली साखर फार वर्षं वाढलेली राहिली, की डोक्यात आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांचं काय होतं, ते सर शोधत होते. कधीपासून, तेही सांगितलं: शिकत होते तेव्हापासून, आक्का आजारी पडल्या त्या वर्षापासून. आक्कांचे हात हळूहळू थांबले.

"म्हणजे माझंच बघत होता तो."

"हो."

"मग मला सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. "मी काय रडत बसले असते?"

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली नाही, बोटांत नुसती फिरवत राहिल्या.

"मला वाटायचं, उंदरांच्या नादाला लागून त्याने लग्न केलं नाही," आक्का म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्या उंदरांना शिव्या दिल्या."